खिळ्याला टांगलेला उजेड

दिवाळीची साफसफाई हा आमच्या घरातला वार्षिक दंगा आहे. वर्षभर ज्या वस्तूंना कोणी हात लावीत नाही, त्या सगळ्या आश्विनातल्या एखाद्या रविवारी अंगणात (म्हणजे, अंगण आता उरले नसल्यामुळे, गॅलरीत) येऊन पडतात आणि संध्याकाळपर्यंत आपापल्या जागी परत जातात. गेल्या वर्षी या दंग्यात माझ्या वाट्याला बैठकीच्या खोलीची भिंत आली. त्या भिंतीवर इंटरनेटची पांढरी पेटी बसवलेली आहे. पेटीखालून एक बारीक पिवळी तार लोंबत होती आणि ती कित्येक दिवस माझ्या डोळ्यांत खुपत होती. मी एक खिळा ठोकला, तारेला त्याभोवती दोन घट्ट वेढे दिले, आणि भिंत नीटनेटकी झाल्याच्या समाधानात चहा मागितला.

चहा येण्यापूर्वीच पेटीवरचा एक दिवा लाल होऊन लुकलुकू लागला.

लक्ष्मीपूजनाला चार दिवस उरले होते. आमचा मुलगा परदेशी असतो. पूजेच्या वेळी तो, सूनबाई आणि नात पडद्यावर येऊन बसतात, ही आता आमच्या घरची रीतच होऊन गेली आहे. तेव्हा त्या लाल दिव्याने घरात केवढा हाहाकार माजवला असेल, ते सांगायला नकोच. ‘अहो, पण तुम्ही त्याला हात लावलातच कशाला?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. पानिपत का गेले याची सात कारणे मी झोपेतही सांगेन. पण घरातले नेट का गेले, याचे एकही कारण मला सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी विशीतला एक मुलगा आला. त्याने खिळ्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि हसू दाबले. पिवळ्या तारेचे हिरवे टोक पेटीतून उपसून त्याने आपल्याजवळच्या एका लहान यंत्रात खुपसले. यंत्रावर आकडा आला : उणे एकतीस. ‘आजोबा, उणे सत्तावीसच्या खाली गेलं की या पेटीला काही दिसत नाही,’ तो म्हणाला. मग त्याने पिशवीतून पेनसारखी एक कांडी काढून त्याच टोकाला लावली आणि मला खोलीतला दिवा घालवायला सांगितले. अंधार झाला, आणि खिळ्याभोवतीचे ते दोन वेढे निखाऱ्यासारखे लाल दिसू लागले. तारेचा बाकीचा सारा भाग काळोखात होता.

‘बघा, तुमचा उजेड इथं सांडतोय.’

त्याने वेढे सोडले, तार सैल वळवून पेटीत परत बसवली. यंत्राने उणे वीस दाखवले, लाल दिवा विझला, हिरवा लागला. सगळा खेळ पाच मिनिटांचा. पण मुलगा निघून गेल्यावरही ते दोन लाल वेढे माझ्या डोळ्यांसमोरून हलेनात. उजेड सांडतो म्हणजे काय? आणि मुळात तो या तारेत भरला कोणी? इतिहासाच्या माणसाला एकदा असा प्रश्न चावला की स्वस्थ बसवत नाही. पुढचे काही महिने मी जे वाचले आणि विचारले, ते या दिवाळीत वाचकांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट म्हणजे, ती तार मुळी तारच नव्हे. पिवळे वेष्टन आणि आतले चिवट दोरे बाजूला केले की उरतो तो काचेचा एक तंतू. त्याची जाडी मिलिमीटरचा आठवा भाग. त्यातही उजेड चालतो तो अगदी मधल्या गाभ्यातून, आणि तो गाभा मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही थोडा बारीकच. तो उजेड आपल्याला दिसत नाही, कारण तांबड्याच्याही पलीकडचा आहे. मुलाची लाल कांडी होती ती केवळ डोळ्यांच्या सोयीसाठी.

लहानपणी नदीत बुडी मारून ज्यांनी डोळे उघडे ठेवून वर पाहिले असेल, त्यांना हे गुपित अर्धे ठाऊक आहे. डोक्यावर सरळ पाहिले तर आकाश दिसते, पण दूर तिरके पाहिले तर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो. पाण्यातून हवेत जाऊ पाहणारा किरण फारच तिरका आला तर बाहेर पडूच शकत नाही. तो पाण्यातच परत फिरतो. जिनिव्हाच्या दानिएल कोलादाँ या प्राध्यापकाने १८४१ साली याच गोष्टीचा प्रयोग केला. टाकीला भोक पाडून त्याने पाण्याची धार सोडली आणि मागून तिच्यात प्रकाश घातला. धार वाकून खाली पडू लागली, तसा प्रकाशही तिच्याबरोबर वाकला. लंडनमध्ये जॉन टिंडॉलने १८५४ साली असाच प्रयोग करून दाखवला. पुढे १८८९ च्या पॅरिसच्या मोठ्या प्रदर्शनात रंगीत कारंजी उडाली, तीही या युक्तीवरच. त्या काळच्या लोकांना त्यात कारंज्यापलीकडे काही दिसले नाही, आणि याबद्दल त्यांना हसण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

माझ्या खिळ्याचा अपराध आता ध्यानात येईल. तंतू सैल वळला तर आतला प्रकाश तिरकाच राहतो आणि परत फिरतो. घट्ट मुडपला की त्याचा कोन बिघडतो आणि तो भिंतीबाहेर निसटतो. कोलादाँची धार मी बैठकीच्या खोलीत उलटी करून दाखवली होती.

प्रकाशावर आवाज बसवण्याची कल्पना मात्र आली ती दुसऱ्याच वाटेने. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने १८८० साली वॉशिंग्टनमध्ये आपला सहकारी टेंटर याच्यासह सूर्याच्या किरणावर बोलणे पाठवले, तेही सुमारे २१३ मीटर अंतरावर. या ‘फोटोफोन’ला तो टेलिफोनहूनही मोठा शोध मानी. पण किरण उघड्या हवेतून जाणारा. आभाळ आले, धुके पडले की संभाषण बंद! प्रकाशाला घरासारखे छप्पर पाहिजे होते, आणि ते मिळायला आणखी नव्वद वर्षे लागली.

या नव्वद वर्षांत आपल्याकडचा एक माणूस येतो. नरिंदरसिंग कपानी यांचा जन्म पंजाबात मोगा येथे १९२६ साली झाला. प्रकाश सरळ रेषेतच जातो असे शाळेत मास्तरांनी सांगितले आणि ते आपल्याला पटले नाही, असे ते सांगत. (मास्तरांचे असे उपकार पुष्कळ असतात.) लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरल्ड हॉपकिन्स यांच्या हाताखाली त्यांनी काचेच्या तंतूंची जुडी करून तिच्यातून चित्र पलीकडे नेले. त्यांचा लेख १९५४ च्या जानेवारीत ‘नेचर’मध्ये आला. गंमत अशी, की त्याच अंकात हॉलंडच्या व्हान हील यांचेही टिपण होते, आणि मला विचाराल तर आपल्या भिंतीवरच्या तारेशी त्या टिपणाचे नाते अधिक जवळचे आहे. उघडा तंतू दुसऱ्या तंतूला किंवा बोटाला टेकला की उजेड सांडतो. तेव्हा त्याला वेगळ्या पदार्थाचा पातळ अंगरखा घाला, असे त्यांचे म्हणणे होते. मिशिगनमध्ये शिकणाऱ्या लॉरेन्स कर्टिसने १९५६ साली हा अंगरखा काचेचाच केला, आणि त्यातून पोटात डोकावून पाहण्याची डॉक्टरांची नळी तयार झाली. या विद्येचे ‘फायबर ऑप्टिक्स’ हे नाव रूढ केले ते मात्र कपानींनीच. २०२० साली ते वारले. त्यानंतर पद्मविभूषण त्यांच्या नावे जाहीर झाले.

पण पोटापर्यंत जाणे वेगळे आणि पुण्याहून मुंबईला जाणे वेगळे. त्या काळच्या चांगल्यातल्या चांगल्या काचेतही वीस मीटर जाईपर्यंत उजेडाचे शंभरातले नव्याण्णव भाग नाहीसे होत. मग टेलिफोनच्या कामाला ती काय उपयोगी पडणार? शहाण्या माणसांनी काचेचा नाद सोडला होता.

तो न सोडणारा माणूस होता चार्ल्स काव. जन्म शांघायचा, शिक्षण हाँगकाँग आणि लंडनचे, नोकरी इंग्लंडात हार्लो या गावी टेलिफोनच्या एका संशोधनशाळेत. त्याने आणि जॉर्ज हॉकॅमने १९६६ साली एक निबंध लिहिला. त्याचे सार घरगुती भाषेत सांगायचे तर असे, की उजेड काच खात नाही, काचेतला मळ खातो. लोखंडासारख्या धातूंचे कण काढून टाका. एक किलोमीटर गेल्यावर शंभरातला एक भाग जरी उरला तरी टेलिफोनला तेवढा पुरे आहे. हे कागदावर मांडून तो थांबला नाही. देशोदेशींच्या काच कारखान्यांची दारे ठोठावीत तो हिंडला. बहुतेकांना हा माणूस काय मागतो आहे हेच कळत नसे. पुढे १९७० साली अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीच्या मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी किलोमीटरअखेर पन्नासावा भाग उरेल असा तंतू ओढला. म्हणजे कावच्या मागणीहूनही दुप्पट चांगला. आजच्या तंतूत किलोमीटरमागे फार तर शेकडा पाच-सात भाग गळतात.

कावला २००९ साली नोबेल मिळाले, तेव्हा कपानींवर अन्याय झाला असे आपल्याकडे अनेकांना वाटले. मलाही पूर्वी तसेच वाटे. दोघांचे काम वाचल्यावर आता वाटत नाही. कपानींनी प्रकाश वाकवून दाखवला; तो दूर का जात नाही हा प्रश्न काव याने विचारला. तो पुरस्कार स्वीकारायला स्टॉकहोमला गेला तोवर स्मृतिभ्रंशाने त्याला घेरले होते. त्याचे नोबेल व्याख्यान त्याच्या पत्नीने, ग्वेन हिने, वाचले. ज्याच्यामुळे सारे जग एकमेकांशी बोलू लागले, त्याच्या जागी बोलायला ती उभी राहिली, हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ तसाच बसलो.

आता एक कबुली देतो. भारतात टेलिफोन एक्स्चेंजांना जोडणारी प्रकाशतंतूची पहिली वाट सुरू झाली ती १९७९ साली, आणि ती पुण्यात! मी तेव्हा याच शहरात होतो, रोज सायकलने शाळेत जात होतो, मुलांना औद्योगिक क्रांती शिकवीत होतो. माझ्या चाकांखालून इतिहास चालला होता, आणि मला त्याचा गंधही नव्हता.

पुढे १९८८ साली अटलांटिकच्या तळाशी काचेची पहिली केबल पडली. समुद्र ओलांडला, पण शेवटचे शे-दोनशे हात ओलांडता येईनात. आपल्या उंबरठ्याशी तांब्याचीच तार राहिली. कारण अगदी संसारी होते : खर्च. जपानात नारा शहराजवळ हिगाशी-इकोमा येथे १९७८ साली १५८ घरांत काचतंतू नेऊन पाहिला होता. घरोघर कॅमेरा, पडदा, समोरासमोर बोलणे, आज आम्ही लक्ष्मीपूजनाला करतो तो सारा थाट तेव्हाच! प्रयोग आठ वर्षे चालला आणि संपला. दर घराला स्वतंत्र यंत्रणा द्यायची तर कोणाला परवडणार?

उत्तर निघाले ते वाटून घेण्यातून. एक्स्चेंजपासून एकच तंतू वस्तीपर्यंत आणावा आणि तिथे त्याच्या बत्तीस किंवा चौसष्ट वाटा कराव्यात, अशी कल्पना १९८०-९० च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉमच्या संशोधकांनी मांडली. खांबावरच्या डबीतला हा वाटेकरी म्हणजे ‘स्प्लिटर’. त्याला वीज लागत नाही, त्यात हलणारे काही नाही. काचेचा एक ओघ अनेक ओघांत फुटतो, एवढेच. आमच्या घरी येणारा उजेड दूरच्या प्रवासाने फारसा दमत नाही, तो शेजाऱ्यांत वाटला जाऊन बारीक होतो. मुलाच्या यंत्रावरचे ‘उणे वीस’ म्हणजे एका मिलिवॅटचा शंभरावा भाग. तेवढ्यावर आमच्या नातीचे हसू येते.

या वाटणीची पद्धत १९९५ नंतर बड्या टेलिफोन कंपन्यांनी एकत्र बसून ठरवली, आणि २००३ साली ‘जीपॉन’ नावाचा जो नियम झाला तो आज लाखो घरांत चालतो. तो समजायला मला आमचा जुना वाडा उपयोगी पडला. वाड्यात बावीस बिऱ्हाडे आणि नळ एक. मालकांची आत्या नळाशी बसून पाळ्या लावी. कोणाची पाळी केव्हा हे तिला तोंडपाठ, आणि मागच्या चौकातल्या माणसाला दूरून यायचे म्हणून त्याला ती आधी हाक मारी, म्हणजे तो पोचेपर्यंत नळ रिकामा होई. एक्स्चेंजमध्ये ‘ओएलटी’ नावाचे यंत्र असते, ते हेच करते. प्रत्येक घर किती लांब आहे हे ते प्रकाशाच्या जाण्यायेण्याच्या वेळेवरून मोजते आणि त्या हिशेबाने प्रत्येक पेटीला बोलण्याची पाळी देते. आमची पांढरी पेटी, तिचे नाव ‘ओएनटी’, आपली पाळी येईपर्यंत मुकाट बसते. पाळी आली की तिचा छोटा लेसर क्षणभर लुकलुकतो आणि गप्प होतो. या पाळ्यांचा ठेका सेकंदाला ८००० वेळा पडतो. हा आकडा कुठून आला? टेलिफोनवरच्या आवाजाचे अंकांत रूपांतर करताना तो सेकंदाला ८००० वेळा मोजीत. अमेरिकेत १९६२ साली तसे टेलिफोन सुरू झाले. आवाज असा अंकांत मांडण्याची कल्पना अलेक रीव्हज या इंग्रज इंजिनियराची, १९३८ च्या सुमाराची. आणि हार्लोच्या ज्या संशोधनशाळेत कावने आपला निबंध लिहिला, तिथे प्रकाशाच्या कामाला चालना दिली ती याच रीव्हजने. घराण्याची वंशावळ अशी जुळली की आम्हां इतिहासवाल्यांना लाडू खाल्ल्यासारखे होते.

उलट बाजूने, एक्स्चेंजकडून येणारा उजेड मात्र सर्वांचा सर्वांकडे येतो. पोस्टमनने वाड्यातली सगळी पत्रे प्रत्येक दारात टाकावीत, तसे. ती पाकिटे गुप्त लिपीत बंद केलेली असतात. पेटी आपल्या नावाची तेवढी उघडते, बाकीची टाकून देते. आणि हे जाणे-येणे एकाच तंतूतून चालते, कारण दोन्ही दिशांच्या उजेडाचे रंग वेगळे ठेवले आहेत.

‘म्हणजे वाय-फाय ते हेच का?’ असे हिने विचारले. नव्हे. काचेतून आलेल्या उजेडाची वीज करणे इथे पेटीचे खरे काम संपते; वाय-फाय तिथून पुढे घरात हवेतून चालते. पुष्कळांकडे त्यासाठी दुसरी पेटी असते, आमच्याकडे एकातच दोन्ही आहेत. तेव्हा हिरवा दिवा शांत असून मोबाइल रडत असेल तर रस्त्यावरच्या तंतूला शिव्या देऊ नयेत. बहुधा आपल्याच घरातली एखादी भिंत आड येत असते. लाल दिवा लागला तर मात्र आधी खिळे मोजावेत.

इथवर सारे कौतुकाचे झाले. पण या वर्षी आषाढात एका रात्री या पेटीची दुसरी बाजू मला दिसली. पाऊस कोसळत होता, रात्री दहाला वीज गेली. बाराच्या सुमारास हिला एकाएकी चक्कर आली, घाम फुटला. डॉक्टरांना बोलवायचे म्हणून मी अंधारात चाचपडत घरातला फोन उचलला. कानाशी काहीच नाही. घरघर नाही, टूं नाही. हा फोन आता पांढऱ्या पेटीला जोडलेला असतो हे मला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ त्या क्षणी कळला. माझा मोबाइल संध्याकाळपासून चार्जिंगला लावायचा राहिला होता. बॅटरी घेऊन मी दोन जिने उतरलो आणि खालच्या बिऱ्हाडाचे दार वाजवले. त्यांच्या मोबाइलवरून डॉक्टर आले. साखर उतरली होती. हिला आराम पडला. तेवढ्या वीस मिनिटांची आठवण मात्र अजून अंगावर येते.

आमचा जुना काळा, तबकडीचा फोन वादळातही बोलत असे. त्याची वीज आपल्या घरची नसे. एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून, ४८ व्होल्टची, तांब्याच्या त्याच जोडतारेवरून ती घरी येई. आवाज आणि त्याचे अन्न एकाच वाटेने. काचेतून मात्र फक्त उजेड येतो, आणि त्या उजेडात पेटीचे पोट भरेल एवढा जोर नसतो. ती जगते आपल्या भिंतीतल्या प्लगवर. त्या आषाढातल्या रात्री एक्स्चेंज चालू होते, खांबावरच्या डबीला तर विजेची गरजच नव्हती. आमचा मिलिवॅटचा शंभरावा भाग पावसातून, रस्त्याखालून, जिन्यावरून बैठकीच्या भिंतीपर्यंत रात्रभर येत होता. तो वाचायला तिथे कोणी जागे नव्हते.

पेटी बसवताना हे आम्हांला कोणी सांगितले नाही, आणि आम्हीही विचारले नाही. तांब्याची जोडतार काढून नेली त्या दिवशी मी गॅलरीत उभा राहून पाहत होतो. अडगळ गेली असे वाटले होते.

तो फायबरवाला मुलगा दसऱ्याच्या आसपास दुसऱ्या कोणाकडे आला होता, त्याला मी हाक मारून वर बोलावले. त्याने सांगितले तशी पेटीला पुरेल एवढी छोटी बॅटरी मी आणली आहे. वीज गेल्यावर ती तीन-चार तास तग धरते. आम्ही घड्याळ लावून पाहिले. चहा घेताना त्याची नजर भिंतीवर गेली.

‘आजोबा, तो खिळा अजून आहेच की!’

खिळा आहे. त्यावर आता दिनदर्शिका टांगली आहे, आणि तिच्या मागच्या बाजूला डॉक्टरांचा आणि खालच्या बिऱ्हाडाचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे.